तुम्ही म्हणाल तसं

आत्याचं पत्र आलं तेव्हा परदेशातल्या वसतिगृहात ग्रंथपालांच्या खोलीला अजून पडदाही लावून झाला नव्हता. पत्र त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग खाटेवर बसून वाचलं, आणि उद्या निवांतपणे सविस्तर उत्तर लिहू, असं म्हणून टेबलाच्या खणात ठेवून दिलं. तो निवांतपणा काही आला नाही. उद्याचा परवा झाला, परवाचा पुढचा आठवडा झाला, खिडकीबाहेरच्या झाडाची पानं गळून झाडाचा खराटा झाला, आणि तो खण उघडायचीच त्यांना धास्ती वाटू लागली. पेन खणातच होतं, म्हणून त्यांनी नवं पेन विकत घेतलं.

पत्र काही अवघड नव्हतं. आत्याचं अक्षर टपोरं, आणि दिसत कमी असल्यामुळे ओळी डोंगर चढल्यासारख्या वर गेलेल्या.

"चि. सोन्यास अनेक आशीर्वाद. तिथं तुला जमतंय का, ते खरं खरं लिही. सूनबाईला फोनवर 'छान चाललंय' म्हणतोस म्हणे. छान तर तू अंगावर गोवर होता तेव्हाही म्हणत होतास. डॉक्टर डोळ्याचं करून घ्या म्हणतात. मी म्हटलं, आमचा सोन्या आल्यावर. तर तू सहा महिन्यांनी येणार की वर्षानं, तेवढं कळव. म्हणजे त्याप्रमाणे डोळ्याला सांगून ठेवते."

आत्यानंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. आई फार लवकर गेली, वडील फिरतीवर, त्यामुळे ताप आला तर आत्या, मार्क कमी पडले तर आत्या, आणि लग्नात बोहल्यावर कुठल्या पायानं चढायचं हे सांगायलाही आत्याच. आता तिचे कान पार गेले होते. कानाचं यंत्र आणलं होतं, पण "त्यात सगळे एकदम बोलतात" म्हणून तिनं ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवून दिलं. म्हणून फोनचा उपयोग नव्हता. आणि निरोप तिला चालत नव्हता. "त्याच्या हातचं येऊ दे," म्हणायची. "दुसऱ्याच्या तोंडचं मला नको."

आता 'जमतंय का' या प्रश्नाचं उत्तर ग्रंथपालांना ठाऊक असतं, तर त्यांनी ते त्याच दिवशी लिहून टाकलं असतं. पण जमतंय की नाही, हेच त्यांना कळत नव्हतं.

पंचेचाळिशी उलटलेला माणूस परदेशात विद्यार्थी म्हणून गेला, याला कारण झाली कसर. गावातल्या संस्थेच्या ग्रंथालयात जुन्या पोथ्या आणि दुर्मिळ पुस्तकं होती आणि ती कसरीनं चाळण करून टाकली होती. जुन्या कागदाची डागडुजी शिकवणारा वर्षाचा अभ्यासक्रम परदेशात आहे आणि तिकडून शिष्यवृत्तीही मिळते, असं विश्वस्तांना कुठूनसं समजलं. त्यांनी आधी आणखी दोघांना विचारलं. दोघांनीही नाही म्हटलं. ग्रंथपालांना नाही म्हणता येत नसे, म्हणून ते गेले.

अभ्यासक्रमाच्या दोन सहामाह्या होत्या. पहिलीत साध्या कागदांवर हात बसवायचा, दुसरीत खऱ्या जुन्या पानांना हात लावायचा. दुसरीला सगळेच जात नाहीत, एवढं त्यांना माहीत होतं. कोण जातो आणि ते कोण ठरवतं, हे माहीत नव्हतं. आणि विचारायचा धीर नव्हता.

सुरुवातच फजितीनं झाली. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाई वर्गात आल्या तसे ग्रंथपाल उठून उभे राहिले. आयुष्यभराची सवय. बाकी कुणी उठलं नाही. शेजारच्या मुलीला वाटलं, यांना बाहेर जायचंय. तिनं पाय आखडून वाट करून दिली. पलीकडच्या टोपीवाल्यानंही खुर्ची सरकवली. आता एवढं सगळ्यांनी सरकून घेतल्यावर परत बसायचं कसं? ग्रंथपाल बाहेर गेले, व्हरांड्यात नळाचं पाणी प्यायले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, पाय आपोआप सरळ झाले, पुन्हा वाट झाली, पुन्हा पाणी. तो सबंध आठवडा त्यांनी रोज सकाळी तहान नसताना पाणी प्यायलं. बाईंनी एकदा हळूच विचारलं, "तब्येत ठीक आहे ना?" तेव्हापासून ते बाई यायच्या आधीच उभे राहून ब्रश धुवायला लागले, म्हणजे उभं राहणंही झालं आणि कुणाला उठावंही लागलं नाही.

बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, "मला नावानं हाक मारा." बाई त्यांच्याहून वयानं बऱ्याच मोठ्या, केस पांढरेशुभ्र, जुन्या कागदात सगळी हयात गेलेली. त्यांना नावानं हाक मारायची? ग्रंथपालांची जीभ उचलेना. आणि 'बाई' म्हणायची तिथं सोय नव्हती. शेवटी त्यांनी हाक मारणंच सोडून दिलं. काही हवं असलं की ते बाईंच्या टेबलापाशी जाऊन कागदांवर ठेवायची वजनं नीट लावत उभे राहायचे. बाईंनी मान वर केली तर ठीक, नाहीतर वजनं चकचकीत करून परत.

पण खरा घोळ होता तो 'छान'चा.

कार्यशाळेत गव्हाच्या पिठाची खळ शिजवायला शिकवत. फाटलेल्या पानावर त्या खळीनं तलम कागद चिकटवायचा, वर टीपकागद, वर वजन. ग्रंथपालांच्या पहिल्या खळीत गुठळ्या झाल्या. साध्या नाहीत, साबुदाण्याएवढ्या. बाई आल्या, त्यांनी भांड्यात पाहिलं, चमचा फिरवला आणि म्हणाल्या, "छान. पुढच्या वेळी आच जरा मंद ठेवून पाहायला हरकत नाही."

टोपीवाल्याची खळ सायीसारखी उतरली होती. त्यालाही बाई म्हणाल्या, "छान."

ग्रंथपाल त्या दिवशी जेवताना घास हातात धरून विचार करत बसले. शाळेतले त्यांचे गणिताचे मास्तर वही भिरकावून द्यायचे; वही दाराबाहेर पडली की समजावं उदाहरण साफ चुकलं, उंबऱ्यात पडली की थोडं चुकलं. सगळं कसं स्वच्छ होतं. इथं वही हातातच राहत होती आणि उदाहरण बरोबर की चूक हे देवालाही कळत नव्हतं.

शेजारच्या मुलीला त्यांनी शेवटी धीर करून विचारलं. ती दुसऱ्याच कुठल्या देशातली. धुळीची ॲलर्जी असून जुन्या पुस्तकांच्या वाटेला गेलेली, दिवसभर शिंकत असायची, म्हणून ग्रंथपालांनी मनातल्या मनात तिचं नाव शिंकरी ठेवलं होतं.

"बाई छान म्हणतात, म्हणजे छानच ना?"

"छान म्हणजे ठीक," शिंकरी नाक पुसत म्हणाली. "फारच चांगलं असलं तर त्या थोडा वेळ बघत राहतात."

"माझ्या खळीकडे बराच वेळ बघत होत्या."

"मग चांगलं की."

"पण गुठळ्या होत्या."

"मग त्या गुठळ्या बघत असतील," टोपीवाला पलीकडून म्हणाला. "काका, तुम्ही फार विचार करता. छान म्हटलं की घरी जायचं."

टोपीवाला त्यांना त्याच्या भाषेतलं काकाच म्हणायचा. तेवढंच एक त्यांना त्या खोलीत ओळखीचं वाटायचं.

पुढे एका दुपारी बाई टेबलामागून टेबल करत आल्या. टोपीवाल्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "दुसऱ्या सहामाहीला राहायचा विचार आहे का?"

"हो, नक्की," टोपीवाला म्हणाला. मानसुद्धा वर केली नाही त्यानं.

ग्रंथपालांना त्याच्या वतीनं लाज वाटली. गुरूनं विचारलं आणि पोरगा तोंड वर करून हो म्हणतो? आधी आपली लायकी तरी त्यांना सांगू द्यावी. तेवढ्यात बाई त्यांच्यापाशी आल्या.

"आणि तुमचा?"

ग्रंथपालांनी ब्रश खाली ठेवला, सावरून उभे राहिले आणि रीतीनं म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

बाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं," आणि पुढे गेल्या.

त्या दिवसापासून ग्रंथपाल, बाई काय म्हणतात, याची वाट बघू लागले. बाई काहीच म्हणेनात. खळीला छान म्हणत, चिकटवलेल्या पानाला छान म्हणत, पण राहायचं की जायचं, चकार शब्द नाही. टोपीवाल्याला जुनी पानं दाखवायला आतल्या खोलीत नेलं, शिंकरीला नेलं. ग्रंथपालांना नेलं नाही. सरळ आहे, त्यांनी मनाशी म्हटलं, आपला निकाल लागला. तोंडावर सांगायची इथं रीत नसावी.

आणि याचंच त्यांना थोडं बरंही वाटलं. आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. मग त्या लाजेचं कारण काय, याचा त्यांनी रविवारची अख्खी सकाळ विचार केला आणि तो अर्धवट राहिला, कारण फोन वाजला.

"बाबा, अभ्यास झाला का?" लेकीचा आवाज. ती स्वतः कॉलेजात होती आणि बाप विद्यार्थी झाल्यापासून तिला अगदी ऊत आला होता. "मित्र चांगले मिळालेत ना? वाईट संगतीला नको लागू."

"आईला दे."

"देते. डबा संपवत जा."

बायकोनं फोन घेतला. "अहो, आत्यांचं काय करायचं? परवा माझ्याऐवजी खुंटीवरच्या साडीशी बोलत होत्या. मी मागून गेले तर दचकल्या."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, मोतीबिंदू पुरा पिकलाय, आता थांबू नका. दुसऱ्या डोळ्यानं तर उजेडच तेवढा कळतो. पण या ऐकतील तर ना. सोन्या आल्यावर, सोन्या आल्यावर. तुम्ही का नाही लिहीत दोन ओळी? जन्म पुस्तकांत गेला आणि एक पत्र होत नाही तुमच्यानं."

"लिहितो."

"हे तुम्ही मागच्या महिन्यात म्हणालात. आणि त्यांना भीती ऑपरेशनची नाहीये, सांगते मी तुम्हाला. ती पट्टीची आहे. कान नाहीत, त्यात डोळा बांधला, म्हणजे माणूस चहूकडून बंद. कोण आलं, कोण गेलं, काही कळायचं नाही. तुम्ही असलात की त्यांच्या हातावर लिहिता, ते कळतं त्यांना."

हे खरं होतं. लहानपणी आत्या त्यांच्या पाठीवर बोटानं अक्षरं काढून ओळखायला लावायची. तिचे कान गेल्यावर ग्रंथपालांनी तो खेळ उलटा केला. वीज गेली, चष्मा सापडेना, की ते तिच्या तळहातावर बोटानं लिहीत. घरात दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. म्हणजे जमत नसावं. कुणी करून पाहिलं नव्हतं.

"मग मी येतोच कसा सहामाही संपल्यावर," ग्रंथपाल म्हणाले.

"येताय? म्हणजे ठरलं तुमचं?"

"ठरलं असं नाही. बाईंनी अजून काही सांगितलं नाही."

"अहो, तुम्हाला यायचंय की नाही?"

"आत्यासाठी यायलाच हवं."

"मी आत्यांचं नाही विचारलं."

ग्रंथपालांनी सांगितलं की इथं ढग फार आले आहेत, आवाज नीट येत नाही. ढगांचा आणि फोनचा काही संबंध नसतो, हे दोघांनाही माहीत होतं.

फोन ठेवल्यावर त्यांना आणखीच उमजेनासं झालं. आत्याचा डोळा हे परत जायचं कारण होतं की निमित्त? कारण असेल तर त्यांनी कालच सामान बांधायला घ्यायला हवं होतं. निमित्त असेल तर ते म्हातारीच्या डोळ्याआड लपत होते. बरं, राहावं म्हटलं तर राहायला कुणी सांगितलंय? त्यांनी खणाकडे पाहिलं आणि भांडी घासायला गेले. भांडी घासलेलीच होती.

सोमवारी जे झालं ते मात्र अगदी एका क्षणात झालं.

कार्यशाळेत खिडकीखाली एक बुटकी फळी होती, तिच्यावर दुरुस्तीला आलेली पुस्तकं ठेवत. ग्रंथपाल खळीची भांडी घेऊन मागे सरले आणि त्यांचा बूट फळीवरच्या पुस्तकाला लागला. झाडपाल्याच्या औषधांचं जुनं पुस्तक, पुठ्ठे निघालेलं, वरचं कोरं पान उघडं. ते फळीवरून सरकून खाली आलं. ग्रंथपालांनी भांडी बाजूला ठेवली, पुस्तक दोन्ही हातांनी उचललं आणि कपाळाला लावलं. हे त्यांनी केलं असं म्हणता येणार नाही. ते झालं. पुस्तकाला पाय लागला की कपाळाला लावायचं, हे आत्यानं त्यांना चालायला शिकवतानाच शिकवलं असावं.

ग्रंथपाल रोज सकाळी डोक्याला खोबरेल तेल लावत. तेही आत्यानंच शिकवलेलं.

पुस्तक खाली घेतलं तेव्हा कोऱ्या पानावर कपाळ उमटलं होतं. रुंद, पिवळसर, वरच्या बाजूला केसांच्या रेघांसकट. समोर बाई उभ्या होत्या. शिंकरीची आलेली शिंक परत गेली.

"हे काय केलंत तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"पाय लागला."

"पाय लागला तर कपाळ का लावलंत?"

"माफी मागायला."

"कुणाची?"

ग्रंथपालांनी मान खाली घातली. "पुस्तकाची."

बाईंनी पुस्तक त्यांच्या हातून घेऊन टेबलावर ठेवलं. बाईंचे कान लाल झाले होते. "ऐका," त्या म्हणाल्या, "पुस्तकाला तेल नको असतं. माफीही नको असते. जुन्या पानाला उघडं कातडं लावायचं नाही, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, कळलं. खळ मंद आचेवर करा म्हटलं, तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा भडक आचेवर केलीत. अजून गुठळ्या होतात तुमच्या खळीत, माहीत आहे? ब्रश तुम्ही पेनासारखा धरता. मी आले की उभे राहता, आणि माझ्याशी बोलायचं असलं की वजनं पुसता. माझ्याकडे इतकी स्वच्छ वजनं कधी नव्हती. पण तुम्हाला काय कळलंय आणि काय नाही, हे मला एकदाही कळलेलं नाही. मी घरी जाऊन विचार करत बसते, या माणसाला इथं राहायचंय की कुणी ढकललंय म्हणून आलाय?"

टोपीवाला आणि शिंकरी आपापल्या कागदांत डोकं घालून बसले होते. ग्रंथपालांना खरं तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. तसं झालंही. पण त्याच्याच शेजारी आणखी काहीतरी होत होतं आणि ते त्यांना ओळखता येईना. गुठळ्या होत्या तर. इतके दिवस त्यांना एकट्यालाच दिसत होत्या त्या गुठळ्या बाईंनाही दिसत होत्या.

"तुम्ही छान म्हणाला होतात," ते म्हणाले.

"काय?"

"गुठळ्यांना. तुम्ही छान म्हणाला होतात."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पहिल्याच खेपेला काय म्हणणार? नवा माणूस बिचकून जाईल."

"मी बिचकलेलोच होतो. तुम्ही ओरडला असतात तर जरा बरं वाटलं असतं."

शिंकरी शिंकली. नक्की शिंक होती की हसू, ते कळलं नाही.

"बसा," बाई म्हणाल्या. "हा डाग तुम्ही काढायचा. द्रावण मी देते. टीपकागद, वजन आणि धीर. एका दमात निघणार नाही. रोज थोडा थोडा निघेल, आणि बहुतेक सगळा निघणारही नाही. पुढच्या सहामाहीतही पुरेल एवढं काम आहे."

ग्रंथपाल बसले. मग पुन्हा उठले. बाई दुसऱ्या टेबलाकडे वळल्या होत्या. ग्रंथपालांनी वजनांना हात लावला नाही. घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच शिकवणाऱ्याच्या पाठीमागून प्रश्न विचारला. "म्हणजे मी पुढच्या सहामाहीला आहे?"

बाई वळल्या. "ते मी कसं सांगू? मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

"दिलं की. तुम्ही म्हणाल तसं, म्हटलं."

"ते उत्तर आहे?" बाईंना खरंच माहिती हवी असावी अशा सुरात त्यांनी विचारलं. "मला वाटलं, तुम्हाला नाही म्हणायचंय आणि तोंडावर म्हणवत नाहीये. इथं राहायचं की नाही, हे शिकणारा ठरवतो. जमेल न जमेल ते पुढचं पुढे. या आठवड्यात सांगा."

म्हणजे इतके दिवस बाई त्यांच्या उत्तरासाठी थांबल्या होत्या, ते बाईंच्या निकालासाठी थांबले होते, आणि तिकडे आत्या आपला डोळा घेऊन दोघांसाठी थांबली होती. ग्रंथपाल डागावर टीपकागद ठेवून बसले. हलकेच दाबायचा, उचलायचा, बघायचा. डाग पहिल्यापेक्षा फिका झाला की नाही, हे सांगणं कठीण होतं. मध्येच त्यांना वाटायचं झाला. उजेडाकडे धरलं की वाटायचं, छे. पण मान वर केली तेव्हा शिंकरी आणि टोपीवाला जेवून परत आले होते आणि ग्रंथपालांना जेवायची सुट्टी झाल्याचं कळलंही नव्हतं.

"काका," टोपीवाला म्हणाला, "आज बाई तुम्हाला छान म्हणाल्या नाहीत."

"नाही ना," ग्रंथपाल म्हणाले. ते चक्क हसत होते.

त्यांनी खोलीवर जाऊन आपण होऊन घरी फोन लावला. फोन लेकीनं घेतला.

"बाबा? आज सोमवार आहे. वर्गाबाहेर काढलं का तुला?"

"जवळजवळ. ऐक, तुला आत्याआजीच्या हातावर लिहायला यायला हवं."

"म्हणजे?"

"बोटानं. तळहातावर. एकेक अक्षर, मोठं, आणि अक्षर झालं की हात थोपटायचा. मग पुढचं. तिच्या डोळ्याला पट्टी असेल तेव्हा."

"मला कुठे येतं? अरे, माझी जोडाक्षरं कागदावर धड येत नाहीत, ती हातावर काय काढू?"

"जोडाक्षरं टाळ. तिला चालतं. 'चहा' लिही आधी."

लेक फोन तसाच ठेवून आत्याच्या खोलीत गेली. मग आत्याचं बोलणं लांबून ऐकू आलं, बहिऱ्या माणसाचं असतं तसं घरभर. "गुदगुल्या काय करतेस गं? काय? चहा? अगं, मघाशी झाला की." आणि जरा थांबून, "तुला कुणी शिकवलं हे?"

लेक फोनवर आली. "बाबा, ओळखलं रे तिनं." तिचा आवाज जरा वेगळाच लागला होता. "पण तू येणार नाहीस का?"

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. "आई म्हणेल..." एवढं बोलून ते थांबले. "नाही," ते म्हणाले. "म्हणजे, नसावं असं वाटतंय. मी आत्याला लिहितो. तिच्या आधी तुला कळलं हे तिला सांगू नकोस, पत्र वाचणार नाही ती."

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर त्यांनी बाईंकडे मोठे, कामातून गेलेले कागद मागितले. साधा कागद चालणार नव्हता; पेनाचं अक्षर आत्याला दिसलं नसतं. जाड ब्रश घेतला, काळी शाई घेतली. बाईंनी जाता जाता त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि त्यांची बोटं ब्रशवर मागे सरकवली. "इथं धरा."

ग्रंथपालांनी लिहिलं. एकेका कागदावर आठ-नऊ शब्दच मावत होते, त्यामुळे शब्द निवडून घ्यावे लागले, आणि सविस्तर लिहायचं त्यांचं एवढ्या दिवसांचं ओझं आपोआप उतरलं.

"ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

डोळा लगेच करून घे. माझ्यासाठी थांबू नकोस.

मी वर्षभर इथंच राहणार आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही.

जमतंय का, ते अजून कळत नाही. काल बोलणी खाल्ली.

मी तिथं असतो तरी दवाखान्याबाहेर बाकावरच बसलो असतो.

नात हातावर लिहील. तिची अक्षरं सांभाळून घे.

भीती वाटते ना? मलाही वाटते.

तुझा सोन्या."

शाई वाळेपर्यंत ते ओळी वाचत बसले. 'कुणी सांगितलं म्हणून नाही' हे खरं आहे का, याची त्यांना खातरी वाटेना. बाई ओरडल्या म्हणून तर आपण राहत नाही ना? आत्या पट्टी बांधून पडेल तेव्हा आपण इथं टीपकागद दाबत असू, हे बरोबर आहे का? तो कागद बदलावा म्हणून त्यांनी ब्रशही उचलला. मग ठेवला. बदलून दुसरं काय लिहायचं, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. दार लावून घेणाऱ्या बाईंना ते म्हणाले, "मी राहतोय." बाई म्हणाल्या, "बरं." हे 'बरं' मागच्यासारखंच होतं की निराळं, ते त्यांना ठरवता आलं नाही.

कागद घडी घालूनही जाडजूड झाले. पोस्टाची वेळ संपत आली होती. खिडकीमागच्या बाईनं पाकीट तागडीत टाकलं. "साधं की जलद?"

"तुम्ही म्ह..." ग्रंथपाल थांबले. मागे रांग होती. कुणीतरी खोकलं. "जलद," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला दिसतंय तोवर पोचायला हवं."

तिला त्यातलं काही कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. पाकिटावर शिक्का मारला आणि न बघता मागच्या पिशवीत टाकलं. ग्रंथपाल खिडकीतून वाकून पिशवीकडे बघत राहिले.

"आणखी काही?"

"गेलं ते?"

"गेलं," ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे पाहिलं. ग्रंथपाल बाजूला झाले.